उसाचा ट्रॅक्टर रीलमध्ये दिसतो, ऊस तोडणारे का दिसत नाहीत? सातारा-सांगलीच्या तरुणांसमोरचा प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की सातारा-सांगलीच्या पोरांचं इन्स्टाग्राम उसाने भरून जातं. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे गुढीसारखा उभा रचलेला ऊस, पुढे झेंडू आणि वर दणदणीत गाणं. कऱ्हाडच्या पुलावर, इस्लामपूरच्या फाट्यावर, पलूस-कुंडलच्या रस्त्यावर अशा रीलना हजारो लाइक्स पडतात.

पण तो ऊस ट्रॉलीत चढला कसा? पहाटे तीन-चार वाजता उठून तो कुणी तोडला, कुणी मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत कुणी रचला? ती माणसं रीलमध्ये नसतात. असली तरी मागे कुठेतरी, धूसर.

चहात साखर टाकणाऱ्या प्रत्येकाचा या माणसांशी संबंध आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या तरुणांचा तर जास्तच आहे. तो कसा, आणि जगात इतर ठिकाणी तरुणांनी शेतमजुरांसोबत उभं राहून काय साधलं, ते समजून घेऊ.

आधी एका किलोचा हिशोब

ऊसतोड मजुरांची मजुरी टनावर ठरते. साखर कारखान्यांचा राज्य संघ आणि मजुरांच्या संघटना काही वर्षांनी बसून करार करतात. शेवटचा मोठा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तोडणीचा दर टनाला साधारण २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला.

३४ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून आता तो साखरेत मोजू.

एक टन उसातून ११ टक्के उतारा धरला तर ११० किलो साखर निघते. सांगली-साताऱ्याचा पट्टा चांगल्या उताऱ्यासाठी ओळखला जातो, त्यामुळे हा अंदाज फुगवलेला नाही. ३६६ ला ११० ने भागा. उत्तर येतं ३ रुपये ३३ पैसे. म्हणजे दुकानात चाळीस रुपयांच्या वर मिळणाऱ्या किलोभर साखरेत ती तोडणाऱ्या माणसांचा वाटा सव्वातीन-साडेतीन रुपये.

हेच गणित उलटं करून बघा. किलोमागे एकच रुपया थेट मजुरापर्यंत गेला, तर टनाला ११० रुपये वाढतात. म्हणजे एका झटक्यात ३० टक्के वाढ, जवळपास २०२४ च्या कराराएवढी. त्या करारासाठी संप, बैठका, तारखा असं सगळं झालं होतं.

हा एक रुपया लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

'उचल' म्हणजे काय आणि ती फिटत का नाही?

मजूर कारखान्याकडे थेट कामाला लागत नाही. मध्ये असतो मुकादम. कारखाना किंवा वाहतूक ठेकेदार मुकादमाला पैसे देतो. मुकादम बीड, नगर, जालना, परभणीच्या आणि अजूनही जत, आटपाडी, माणसारख्या दुष्काळी भागांतल्या गावांत जाऊन नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. असे दहा-पंधरा कोयते मिळून टोळी होते.

ही उचल कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लग्न किंवा दवाखाना निघतो, तेव्हा ती घेतली जाते. नंतर हंगामभर ऊस तोडून ती फेडायची.

आता एक लाखाची उचल घेतलेल्या जोडीचा हिशोब लावू. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तर दिवसाचे ७३२ रुपये. लाख फेडायला १३७ दिवस लागतात, म्हणजे साडेचार महिने. त्यात सुट्टी नाही, आजारपण नाही, पाळी नाही, पोराला ताप नाही. आणि या काळात खायचं काय, तर त्यासाठी दर आठवड्याला मिळणारा खर्चीचा पैसाही हिशोबात वजा होतो. दीड टनच तोड झाली तर तेच १८२ दिवस, म्हणजे सहा महिने.

हंगाम मात्र कुणासाठी थांबत नाही. २०२१-२२ सारखा एखादा हंगाम जूनपर्यंत लांबतो, २०२४-२५ सारखा मार्चमध्येच आटोपतो. पट्टा लवकर पडला की उचल अंगावर राहते. ती पुढच्या वर्षीच्या वहीत जाते आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं हे मजूर नाही, मुकादम ठरवतो.

वेठबिगारी निर्मूलन कायदा देशात १९७६ पासून आहे. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं त्याने बेकायदा ठरवलंय. उचल ही त्याच रेषेवर चालते, पण तिला आपण 'ॲडव्हान्स' म्हणतो, म्हणून ती ऑफिसातल्या ॲडव्हान्ससारखी वाटते.

'खाडा' आणि बाईचं शरीर

एक दिवस काम चुकलं तर त्याला 'खाडा' म्हणतात. मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. जोडीतली बाई बसली तर पुरुषाचाही दिवस बुडतो, कारण कोयता दोघांचा आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा देश हादरला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढल्याचं समोर आलं. म्हणजे दर सहा महिलांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये देशभराचं हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

याचा सातारा-सांगलीशी काय संबंध, असं वाटू शकतं. संबंध असा, की बीडची बाई राबते ती बीडमध्येच नाही. नोव्हेंबर ते मार्च ती तुमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला, पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपीत राहते. तिथे संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. आजार तिथे सुरू होतो, ऑपरेशन तिकडे होतं. बातमी बीडची झाली आणि फड आपला होता, हे आपण सोयीने विसरलो.

शेतकरी आणि मजूर एकमेकांसमोर का उभे राहतात?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. सातारा-सांगलीतला शेतकरी म्हणेल, 'मजुराचं ऐकलं, आता आमचं ऐका.' आणि त्याचंही खरं आहे.

केंद्र सरकारने २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. पण ही रक्कम जशीच्या तशी शेतकऱ्याच्या खात्यावर येत नाही. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून कापला जातो. म्हणजे मजुरी वाढली की कपात शेतकऱ्याच्या बिलात दिसते. कारखाना मध्ये असतो, पण पैसा एका गरजवंताच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेल्यासारखा दिसतो.

त्यात 'तोड' मिळत नाही. ऊस उभा वाळतो, तुरे येतात, वजन घटतं. मग तोड लवकर मिळावी म्हणून कुणी फड पेटवतो आणि जळीत उसाची वेगळी कपात सोसतो. काही ठिकाणी टोळीला 'खुशाली' आणि ड्रायव्हरला 'एन्ट्री' द्यावी लागते. दुसरीकडे लाखोंची उचल घेऊन मुकादम पळाला, टोळी आलीच नाही, अशा तक्रारी दर हंगामात पोलिसांत जातात आणि त्यात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेलं विशीतलं पोरगं बुडतं. आणि उचल बुडेल या भीतीने मजुरांना डांबून ठेवल्याच्या बातम्याही येतात.

म्हणून उसाला दर मागणाऱ्या आंदोलनात मजूर नसतो आणि मजुराच्या संपात शेतकरी नसतो. पश्चिम महाराष्ट्राच्या तरुणांनी ऊसदराची आंदोलनं जोरात लढवली, वाहनं अडवली, लाठ्या खाल्ल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये सांगली जिल्ह्यात वसगडे इथे पोलीस गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीवही गेला. म्हणजे इथल्या तरुणांना संघटना बांधता येते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की मागण्यांच्या यादीत ऊस तोडणारा का नव्हता?

दोघांचं एक दुखणं तर अगदी सारखं आहे, आणि ते म्हणजे काटा. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि मजुरालाही वजनावरच मिळतात. काटा मारला गेला तर दोघेही मारले जातात. उचलीची वही आणि वजनाचा काटा या दोन गोष्टी उघड झाल्या, तर दोघांच्याही निम्म्या तक्रारी कमी होतील.

फ्लोरिडाच्या टोमॅटोचा इथे काय संबंध?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात इमोकली नावाचं गाव आहे. तिथले टोमॅटो तोडणारे मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले. तिथेही मुकादम होतेच आणि काही मजुरांना कर्जात बांधून डांबल्याचे खटलेही झाले. मजुरी ३२ पौंडांच्या बादलीला चाळीस-पंचेचाळीस सेंट.

१९९३ मध्ये या मजुरांनी संघटना बांधायला सुरुवात केली. पुढे ती 'कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स' म्हणून ओळखली गेली. आधी त्यांनी शेतमालकांविरुद्ध संप केले, उपोषणं केली. हातात फार काही पडलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की मालकही दबलेला आहे. टोमॅटोचा भाव ठरवतात त्या मोठ्या फास्टफूड कंपन्या. म्हणून २००१ मध्ये त्यांनी 'टाको बेल'वर बहिष्कार पुकारला. मागणी काय होती? पौंडामागे एक सेंट जास्त द्या आणि तो थेट मजुराला मिळू द्या.

इथे विद्यार्थी आले. 'स्टुडंट फार्मवर्कर अलायन्स' या नावाने कॉलेजातली मुलं एकत्र आली. ती मजुरांची नेता झाली नाहीत, तर टाको बेलचं गिऱ्हाईक त्यांच्याच वयाचं आहे हे त्यांनी ओळखलं. आपल्या कॅम्पसमधून टाको बेल हटवा, अशी मोहीम त्यांनी चालवली आणि वीसेक ठिकाणी ती यशस्वी झाली. मार्च २००५ मध्ये टाको बेलची मालक कंपनी 'यम ब्रँड्स'ने मागणी मान्य केली. २००७ मध्ये मॅकडोनाल्ड्स, २००८ मध्ये बर्गर किंग आणि सबवे, २०१४ मध्ये वॉलमार्ट असे एकेक जण आले.

२०११ पासून 'फेअर फूड प्रोग्रॅम' उभा राहिला. त्याची रचना महत्त्वाची आहे. जादा पैसा मजुराच्या पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत दिसतो. मजुरांना त्यांचे हक्क मजूरच समजावतात, तेही कामाच्या वेळेत. तक्रारीसाठी चोवीस तास फोन आहे. स्वतंत्र संस्था तपासणी करते. आणि नियम मोडणाऱ्या शेताकडून या कंपन्या टोमॅटो घेत नाहीत. म्हणजे कागदावरच्या नियमामागे गिऱ्हाइकाचा दम आहे.

आता आपल्या साखरेकडे या. देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात नाही, तर थंड पेयं, बिस्किटं, मिठाई, आइस्क्रीममध्ये जाते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठी शोधबातमी केली. कोकाकोला आणि पेप्सीच्या पुरवठा साखळीत येणाऱ्या साखरेमागे उचल, बालविवाह आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया कशा आहेत, ते त्यात मांडलं होतं. या कंपन्यांच्या आचारसंहितेत सक्तीची मजुरी आणि बालमजुरी चालत नाही, असं लिहिलेलं आहे. साखरेला प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थाही आहेत. फरक एवढाच, की इथल्या व्यवस्थेत फडातल्या बाईला फोन करायला नंबर नाही आणि तिच्या फोनमुळे कुणाची ऑर्डर रद्द होत नाही.

असं काही या मातीत घडलंय का?

घडलंय, आणि ते घडवणारे बहुतेक विशीतलेच होते.

१९४३ च्या पत्री सरकारची गोष्ट इथल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. क्रांतिसिंह नाना पाटलांचं हे प्रतिसरकार तेव्हाच्या एकत्र सातारा जिल्ह्यात चाललं, आजचा सांगलीचा मोठा भाग त्यातच होता. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी दोघेही १९२२ चे, म्हणजे तेव्हा एकवीस वर्षांचे. नाना पाटलांची मुलगी हौसाताई तर विशीतही नव्हती. या पोरांनी फक्त इंग्रजांशी लढाई केली नाही. गावोगावी न्यायनिवाडे केले, सावकाराच्या पाशातून लोकांना सोडवलं.

पुढे याच माणसांच्या पुढाकारातून आणि त्यांच्या नावाने साखर कारखाने उभे राहिले. वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना नागनाथअण्णांचा. कुंडलच्या कारखान्याच्या नावातच क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आहेत. ज्यांनी सावकाराच्या वह्या बंद केल्या, त्यांच्या जिल्ह्यात आजही दर हंगामात हजारो उचलीच्या वह्या उघडतात. हा कुणा एका कारखान्याचा दोष नाही, राज्यभर रीत हीच आहे. पण ही रीत मोडायचा नैतिक अधिकार कुणाला असेल, तर तो याच मातीला आहे.

दुसरी गोष्ट ऐंशीच्या दशकातली. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप फसला आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. दुष्काळ होता. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम. या तरुणांनी प्रश्न विचारला, की खडी फोडून दुष्काळ कसा हटणार? त्यातून 'मुक्ती संघर्ष' चळवळ उभी राहिली. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या पत्नी, समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट तिच्याशी जोडलेले होते. गेल मूळच्या अमेरिकेच्या. अभ्यासासाठी आल्या आणि इथल्याच झाल्या.

या चळवळीने येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण उभारलं. नदीतली थोडी वाळू विकून, वर्गणी आणि श्रमदानातून. लोकविज्ञान चळवळीतली माणसं, अभियंते, बाहेरगावचे तरुण मदतीला आले. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणीवाटपाचं तत्त्व. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा हवा आणि हे पाणी उसाला जाऊ नये. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णांच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा सुरू झाल्या, त्यामागेही समन्यायी वाटपाचाच विचार होता.

आज टेंभूसारख्या योजनांचं पाणी पूर्व भागात पोचलंय. जिथून लोक कोयता घेऊन बाहेर पडायचे, अशा काही गावांत आता ऊस उभा आहे आणि तोडायला बाहेरच्या टोळ्या येतात. ज्याच्या आजीने खोपीत दिवस काढले, त्याच्याच बांधावर आता दुसऱ्या कुणाची खोपी आहे. मजुराचं दुखणं या तरुणाला कुणी समजावून सांगायची गरज नसावी.

सध्या काय चाललंय?

काम चालू आहे, पण तुकड्यातुकड्यात.

मुलांच्या शिक्षणासाठी साखरशाळांचा प्रयोग 'जनार्थ' संस्थेने दोन हजारच्या दशकात मोठा केला. कोल्हापुरात अनुराधा भोसले यांची 'अवनी' संस्था वीटभट्टी आणि ऊसतोडीवरच्या मुलांसाठी काम करते. महिला किसान अधिकार मंच अर्थात 'मकाम'ने ऊसतोड महिलांचा प्रश्न लावून धरला. बीडमध्ये महिला ऊसतोड कामगारांनी स्वतःची संघटना बांधली. सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढलं. गाळपाच्या टनामागे कारखान्याकडून दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असा त्याच्या निधीचा आराखडा आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या शोषणाची स्वतःहून दखल घेतली.

आणि सातारा-सांगलीतली कॉलेजची मुलं? ती दिवाळीला खोप्यांवर फराळ नेतात, थंडीत ब्लँकेट वाटतात, फोटो टाकतात. यात वाईट काहीच नाही. थंडीत ब्लँकेट लागतंच. पण ब्लँकेट दिल्याने उचलीच्या वहीतला एकही आकडा बदलत नाही. इमोकलीच्या विद्यार्थ्यांनी मजुरांना काही वाटलं नाही. 'तुम्ही सांगा, आमची ताकद कुठे लावू' एवढं विचारलं.

मग इथल्या तरुणांची ताकद नेमकी कुठे आहे?

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडे गिऱ्हाइकाची ताकद होती. सातारा-सांगलीच्या तरुणाकडे त्याहून मोठी गोष्ट आहे. त्याच्या घरात कारखान्याचा शेअर आहे. वडील किंवा आजोबा सभासद आहेत. ते संचालक मंडळाला मत देतात, वार्षिक सभेत बसतात. सहकारी कारखान्याचा मालक मुंबईत नाही, तुमच्या ओसरीवर बसलाय.

म्हणून या चार गोष्टी घरापासून, गावापासून सुरू होऊ शकतात:

१. सभेत प्रश्न. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर गदारोळ होतो. तिथेच लेखी विचारा. आपल्या कारखान्याला किती टोळ्या आल्या? त्यांच्यासाठी पाणी, संडास, दिवा कुठे कुठे आहे? महामंडळाचे टनामागचे दहा रुपये भरले का?

२. उचलीचा कागद मजुराच्या हातात. उचल किती, तोड किती टन, फिटले किती, हे दर पंधरा दिवसांनी मजुराच्या मोबाईलवर आलं पाहिजे. शेतकऱ्याला वजनाचा मेसेज येऊ शकतो, तर टोळीला का नाही? यात शेतकऱ्याचाही फायदा आहे, कारण एकाच माणसाच्या नावावर दोन ठिकाणी उचल उचलणारा मुकादम उघडा पडतो.

३. मुलांची मोजणी. गावाबाहेर खोप्या पडल्या की पहिल्याच आठवड्यात किती मुलं आहेत, कोणत्या इयत्तेत होती, याची यादी करून जिल्हा परिषद शाळेला द्या. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ते नसलं तरी वयानुरूप प्रवेश द्यावाच लागतो. मूल फडात राबताना दिसलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे.

४. एक रुपयाचा प्रश्न मोठ्या गिऱ्हाइकाला. शेतकऱ्याच्या बिलातून नाही आणि घरच्या डब्यातूनही नाही, तर शीतपेय आणि बिस्किट कंपन्यांच्या खरेदीतून किलोमागे एक रुपया मजुराच्या खात्यावर जाईल का? हा प्रश्न या कंपन्यांच्या पोस्टखाली, गावातल्या भाषेत, हजारो तरुण विचारू शकतात. इमोकलीचा एक सेंट पण सुरुवातीला वेडेपणाच वाटला होता.

हे सोपं आहे का?

अजिबात नाही. काही अडचणी खऱ्या आहेत.

कारखानेही अडचणीत आहेत. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये ३१ रुपये ठरला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिला, एफआरपी मात्र वाढत गेली. जादा मजुरी कुठून द्यायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. म्हणून तर पैसा मोठ्या गिऱ्हाइकाकडून मागायचा.

दुसरी अडचण यंत्रांची. सरकारने २०२३ मध्ये ९०० हार्वेस्टरसाठी अनुदान योजना आणली, एका यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत. उद्या मजूरच नको, असं होईल का? सातारा-सांगलीत शेतं तुकड्यांची, रस्ते अरुंद, सरी जवळ. हे बदलायला वेळ लागेल. तोवर फडात जे लाखो लोक आहेत त्यांचं काय, आणि नंतर ते काय करणार, याचं उत्तर यंत्र देत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात नाजूक. सभासदाच्या पोराने मजुराची बाजू घेतली, तर घरातच वाद होणार. ट्रॅक्टरचा हप्ता भरणाऱ्या मित्राला ते आवडणार नाही. आणि मजुराच्या वतीने बोलताना मजुराचाच आवाज दाबला जायची भीती असते. बीड-परळीहून आलेल्या टोळ्यांतली अनेक मुलं आज पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात शिकतायत, स्वतःच्या आईबापाच्या कामावर बोलतायत. त्यांच्याशी जोडून घेणं, त्यांना पुढे बोलू देणं, हे पहिलं काम आहे.

थोडक्यात सांगायचं तर

ऊसतोड मजुराचा प्रश्न बीडचा, असं आपण धरून चाललो. पण उचल फिटते की नाही, बाईला आडोसा मिळतो की नाही, पोरगं शाळेत जातं की फडात, याचा निकाल सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या शिवारात लागतो. इथला शेतकरी त्या व्यवस्थेचा मालक नसला, तरी भागीदार आहे. आणि त्याच्या घरातल्या मुला-मुलींना ती वही उघडून बघण्याचा हक्क आहे.

तोपर्यंत एवढं करून बघा. या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचं रील काढायला फडाकडे जाल, तेव्हा पाच मिनिटं कॅमेरा बंद ठेवून टोळीतल्या कुणाला विचारा, 'उचल किती होती, आणि किती फिटली?'